यंदा पीर बसला नाही

आमच्या गावात वर्ष तीनदा बदलतं. एकतीस डिसेंबरला पोरं रस्त्यात केक कापतात आणि सकाळी गटारीत बाटल्या सापडतात, ते एक. पाडव्याला दारात गुढी उभी राहते आणि मारुतीच्या देवळात पंचांग वाचतात, ते दुसरं. आणि मोहरमचा चंद्र दिसला की चावडीपुढं कुदळ पडते, खाई, म्हणजे विस्तवाचा खड्डा, खणायला सुरुवात होते, ते तिसरं. लहानपणी हे तिसरं वर्ष कुणा वेगळ्या लोकांचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. कारण ती वेगळी माणसं गावात नव्हतीच. कुंडल सोडून आत वळलं की आमचं गाव. सगळं उसातलं, घरटी एकजण फौजेत, आणि मुसलमानाचं घर एकही नाही.

तरी पीर बसायचा. पितळेचा एक पंजा, तळहाताएवढाच, चावडीच्या आतल्या खोलीत लाकडी पेटीत वर्षभर ठेवलेला असायचा. त्याला धुऊन-पुसून, गंध लावून, वस्त्रं नेसवून बसवायचे. पंजा उचलायचा मान एका घराचा, ऊद घालायचा दुसऱ्याचा, खाईला लाकूड द्यायचा तिसऱ्याचा. फात्या द्यायला, म्हणजे पिरापुढं दुवा म्हणायला, तेवढे शेजारच्या गावचे मुलाणी यायचे, नारळ आणि शिधा घेऊन जायचे. आमच्या बायका त्याला पिरादेव म्हणतात. मारुतीला शनिवार, खंडोबाला रविवार, तसा पिराला मोहरम. यापलीकडं कुणी कधी विचार केला नव्हता, आणि करायची गरजही पडली नव्हती.

मी तसा तापट माणूस आहे. नोकरी साताऱ्यात झाली, घर सांगलीत बांधलं, पेन्शनीत बसून आता पेपर वाचत चरफडत असतो. गावाला गेलो की कुणाशी तरी भांडून येतो असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. आई मात्र गाव सोडायला तयार नाही. ती धाकट्या भावाकडं राहते. ऐंशी केव्हाच उलटून गेली, कान शाबूत आहेत, कंबर तेवढी वाकली आहे.

हे सगळं सांगायचं कारण आईचा नवस. माझा मुलगा दीड-दोन वर्षांचा होता तेव्हा अंगानं नुसती काडी. दूध पचायचं नाही, अन्न ठरायचं नाही. सांगलीचे डॉक्टर झाले, मिरजेचे झाले. आईनं कुणाला न विचारता पिराला बोलून टाकलं की पोर जगू दे, त्याचं लगीन होईस्तवर दरसाल त्याला तुझा फकीर करीन. पोर जगलं. औषधानं जगलं की पिरानं, यावर मी आईशी कधी वाद घातला नाही. मी वाद न घातलेल्या गोष्टी थोड्याच आहेत, त्यातली ही एक.

फकीर करायचं म्हणजे गळ्यात हिरवा-लाल नाडा बांधायचा, खांद्याला कापडाची झोळी अडकवायची आणि पाच घरी मागायचं. मिळालेल्या पिठा-गुळाचे चोंगे करायचे. चोंगे म्हणजे कणकेच्या गोड, नक्षी उठवलेल्या, तळलेल्या पोळ्या. त्या पिराला दाखवायच्या आणि मग फकिरानं खायच्या. आमचं फकीर मोठं हुशार होतं. जिथं गूळ जास्त मिळतो ते घर बरोबर हेरून ठेवायचं आणि तिथं दोनदा जायचं. बायका हसायच्या. "आला गं फकीर, आता डबाच लपवा," असं म्हणत मूठभर जास्तच घालायच्या. मी त्याला खांद्यावर घेऊन खाईभोवती फिरवलं आहे. गरम राखेचा आणि उदाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

पोरगं मोठं झालं आणि भरती झालं. मोहरमला कुठली सुट्टी मिळणार? पहिल्या वर्षी मी म्हणालो, आई, आता पुरे. ती म्हणाली, "पुरं कसं? लगीन हुतंय व्हय त्येचं आजून? त्येच्या बदली मी जाती." तेव्हापासून दरसाल ती नातवाची झोळी स्वतःच्या खांद्याला लावून पाच घरं मागते. लोकांनाही त्याचं कौतुक होतं. फौजीचा फकीर आला म्हणायचे. तो सरहद्दीवर, ही गल्लीत. आईच्या हिशेबी तो तिथं सुखरूप आहे तो हिच्या झोळीवर. मी हसायचो, पण तिचा चोंगा खाल्ल्याशिवाय सांगलीची गाडी धरायचो नाही.

यंदाच्या पाडव्याला मी गावीच होतो. गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला चावला, सगळे मारुतीच्या देवळात गेलो. गुरवानं पंचांग वाचलं. पाऊस बरा, धान्य मध्यम, राजाला चिंता. दरवर्षी राजाला चिंता असतेच, त्यावर दरवर्षी कुणीतरी हसतं, यंदाही हसलं. मग गावकीचे विषय निघाले. जत्रेचं ठरलं, तमाशा नको ऑर्केस्ट्रा आणू असं ठरलं, आणि एक तरुण उठला. त्याचा बाप माझ्या वर्गातला. पोरगा शिकलेला, नोकरी नाही, तिशी ओलांडली, लग्न जमत नाही. गावात अशी पोरं आता ढिगानं आहेत. पूर्वी ती पारावर पत्ते खेळायची, आता गाव सुधारतात.

तो म्हणाला, "यंदापास्नं मोहरम बंद करायचा. गावात येक बी घर न्हाई त्यांचं, मग आपुन कशापायी कुणाचा सण करायचा? ज्यांची हरकत न्हाई त्यांनी गप बसायचं."

मोठी युक्तीची मांडणी होती. सगळे गप्पच बसलेले होते. पंजा उचलायचा मान ज्याच्या घरचा, तो तिथं होता, त्यानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. ऊद घालणारा छताकडं बघत होता. ज्यांनी साठ-सत्तर वर्षं खाईला लाकडं दिली ती म्हातारी माणसं जमिनीकडं बघत होती. मीच उठलो. म्हणालो, पीर कुणाचा नाही, आपलाच आहे, आपल्या आज्या-पणज्यांनी बसवला, तो बंद करणारे आपण कोण? आवाज चढला असणार, माझा चढतोच.

मागून कुणीतरी म्हणालं, "आवं नाना, तुमी सांगलीत ऱ्हाताय. गावचं गाव बगंल."

चार-पाच जण हसले. नारळ फुटला, गूळ-खोबरं वाटलं, बैठक उठली. वर्षाची सुरुवात अशी झाली.

पुढचे दोन महिने मी सांगलीहून गावाला हेलपाटे घातले. असं वाटत होतं की पाडव्याचा उत्साह आहे, उतरेल. सरपंचाकडं गेलो. नात्यानं माझा पुतण्या लागतो. त्यानं चहा केला, बायकोला आत पाठवली, दार लोटलं आणि म्हणाला, "नाना, मनानं मी तुमच्याकडंच हाय. पर माझं नाव कुटं घेऊ नका. इलेक्शन आलंया." मानकऱ्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "मला काय न्हाई वो, पोरं ऐकत न्हाईत." पोरं म्हणजे त्याचीच दोन. म्हाताऱ्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेही घरात. दारात आला तेव्हा त्यानं डोळे पुसलेले होते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना त्यानं हसून हात केला.

एकानंही मला सांगितलं नाही की तू चुकतोस. शिव्या देणारा भेटला असता तर बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. सगळे माझ्या बाजूचे, आणि माझ्या बाजूला कुणीच नाही. नोकरीच्या निमित्तानं वडूजपासून आष्ट्यापर्यंत गावं हिंडलो आहे. पाण्यासाठी डोकी फुटलेली बघितली, बांधासाठी भाऊ भावाच्या अंगावर गेलेला बघितला. पण माणसं तोंडानं बोलत होती तेव्हा. इतकी घाबरलेली माणसं मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि कशाला घाबरली आहेत ते त्यांना नीट सांगताही येत नव्हतं. स्वतःच्याच पोरांना घाबरणारं गाव बघायला मी कशाला जगलो, असं त्या दिवसांत पुष्कळदा वाटलं.

शेवटी शेजारच्या गावी मुलाण्यांकडं गेलो. माझ्यापेक्षा थोडे लहान, चिकनचं दुकान आहे. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मग हात धुऊन पुढं आले. मी म्हणालो, गावानं नाही बसवला तर आमच्या अंगणात बसवतो, तुम्ही फक्त फात्या द्यायला या.

ते म्हणाले, "नाना, पाया पडतो, मला बोलवू नगा. माझी बी पोरं हायती. उद्या कुणी दुकानाचा फोटो काढून टाकला तर मी जाऊ कुटं? तुमचा पीर तुमी बसवा, न्हाईतर बसवू नगा. आमाला त्यात घेऊ नगा."

त्यांनी खरोखरच वाकून पायाला हात लावला. आजवर ते आले की आमची आई त्यांच्या पाया पडायची. मी तिथून कसा निघालो मला आठवत नाही.

आईला एवढंच कळत होतं की पीर बसवायला लोक तयार नाहीत. का तयार नाहीत हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. म्हणालो, तो मुसलमानांचा देव आहे असं पोरं म्हणतात. ती म्हणाली, "आसंल. पर माझा नवस त्येला ठाव हाय, दुसऱ्या कुनाला ठाव न्हाई. आता मी कुनापुढं फेडू?" मग तिला एकदम सुचलं. "फौजीला फोन लाव. त्यो सांगंल पोरास्नी. फौजीचं कोन मोडत न्हाई."

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात सरपंचाचं मोडतील, बापाचं मोडतील, वर्दीतल्या पोराचं मोडत नाहीत. मला स्वतःलाच हे आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. मी मळ्यात जाऊन फोन लावला. पोरानं उचलला. जेवला का, थंडी आहे का, हे झालं. मग मी सगळं सांगितलं, आणि म्हणालो, तू एकदा त्या पोरांशी बोल. आजीचा जीव टांगणीला लागलाय.

तो म्हणाला, "पप्पा, गावच्या ग्रुपवर तो विषय मीच काढला होता."

मला वाटलं रेंज तुटतेय. तो पुढं बोलत राहिला. "तुम्हाला इथलं काय माहीत नाही. आमच्यातला एक गेला, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. आणि गावात आपली माणसं पंजे नाचवणार? मला नाही पटत."

मी म्हणालो, "अरे, त्याचा आणि आपल्या पिराचा काय संबंध? तुझ्या गळ्यात नाडा होता लेका. चोंग्यांसाठी पीठ-गूळ मागत फिरायचास तू."

"लहान होतो तेव्हा," तो म्हणाला. "आजीला सांगा, काळजी करू नको. मला काही होत नाही." आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी बांधावरच बसलो. गावच्या पोरांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मलाही कुणीतरी घेतलेलं होतं, वर्गणीपुरतं. मी तो कधी वाचत नव्हतो. वर वर सरकवत गेलो तर पाडव्याच्या आधीचा त्याचा निरोप सापडला. आपल्या गावात आता हे चालणार नाही, एवढंच लिहिलेलं. खाली अंगठ्यांची रांग. म्हणजे मी सरपंचाकडं, मानकऱ्याकडं, मुलाण्यांकडं हेलपाटे घालत होतो तेव्हा गावात सगळ्यांना हे माहीत होतं. माझ्याच पोराचं ऐकून गाव गप्प बसलं होतं, आणि मला तसं तोंडावर सांगायची कुणाला लाज वाटत होती. मला पोराचा राग आला, आणि त्याच वेळी त्या रिकाम्या खाटेशेजारी तो रात्री कसा झोपत असेल, हेही मनातून जाईना. बाप माणसानं अशा वेळी काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, रेंज नव्हती, लागला नाही. बायकोला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आता गप्प बसा. पोर तिकडं आहे, त्याचं डोकं शांत राहू दे." तिचंही चुकत नव्हतं.

मोहरमचा चंद्र दिसला. कुदळ पडली नाही. चावडीपुढं पोरांनी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता, त्यावर पन्नास चेहरे, सगळे गॉगल घातलेले. पीर बसायचा दिवस उजाडला तेव्हा मी गावीच होतो. आईनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. तिनं अंघोळ केली, झोळी काढली आणि बाहेर पडली. भाऊ म्हणाला जाऊ नको. मी म्हणालो जाऊ नको. तिनं ऐकलं नाही, म्हणून मी मागोमाग गेलो.

पहिल्या घरी सून दारात आली, झोळी बघून आत गेली ती परत आली नाही. दुसऱ्या घराचं दार आतून लावलेलं होतं आणि टीव्ही चालू होता. तिसऱ्या घरची म्हातारी, आईची मैत्रीण, परसदारानं आली आणि पदराखालून वाटीभर पीठ झोळीत ओतून आल्या वाटेनं परत गेली. पुढच्या घरी पोरगा म्हणाला, "आज्जे, बंद झालंय न्हवं त्ये." आई "व्हय बाबा" म्हणाली आणि पुढं निघाली. शेवटच्या घरी ती गेलीच नाही. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उगं त्येंच्या मागं काय लागाया नगं." त्या वाटीभर पिठाचे तिनं घरचा गूळ घालून चोंगे केले. मी कढईपाशी उभा राहून नुसता बघत होतो.

दुपार कलली तेव्हा ताट घेऊन चावडीवर गेलो. आतल्या खोलीला नवीन कुलूप होतं. बाजूच्या कट्ट्यावर दोन पोरं मोबाईल घेऊन बसली होती. आईनं ताट पायरीवर ठेवलं. आधी उभी राहून हात जोडले, मग गुडघ्यावर बसली, आणि मग त्या वाकलेल्या कमरेनं आणखी वाकून फरशीवर नाक घासायला लागली.

"पिरादेवा," ती म्हणत होती, "लेकरू हाय त्ये. त्येला न्हाई कळत. माज्या घरानं तुला कुलपात घाटला, त्येचा राग त्येच्यावर काढू नगंस. त्यो तिकडं येकला हाय. काय आसंल त्ये माज्यावर काढ."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पण गावात बोललेलं चुलीपर्यंत पोचतंच. तिला सगळं कळलेलं होतं, आणि तिनं तो सगळा दिवस उपाशीपोटी दारोदार हिंडून त्याच्यासाठी माफी मागायला काढला होता. मी तिला धरून उठवली. नाकाचं कातडं सोललं होतं. मला त्या कुलपावर दगड घालावासा वाटला. घातला नाही. मीही त्याच गावचा, घाबरलेला.

ताट उचलून घरी आलो, तिला बाजेवर टेकवली, आणि खिशातला फोन वाजायला लागला. ग्रुपवर व्हिडिओ आला होता. कट्ट्यावरच्या पोरांनी काढलेला. एक म्हातारी पाठमोरी, डोक्यावर पदर, बंद दारापुढं फरशीवर नाक घासते आहे. चेहरा दिसत नव्हता, बोलणं वाऱ्यात गेलं होतं. मी कडेला होतो, चित्रात आलो नव्हतो. वर लिहिलं होतं, पिराची शेवटची भक्त. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कोण कोण हसलं ते बघायला मी बोट ठेवलं. भावकीतली पोरं होती, सरपंच होता, आणि वर्दीतल्या फोटोचा माझा मुलगा होता.

पाठमोरी आजी त्याला ओळखता आली नसेल. किंवा तिथं रेंज नसते, व्हिडिओ उघडलाच नसेल, नुसती वरची ओळ वाचून हसला असेल. मी स्वतःला असं बरंच काही सांगतो. त्याला अजून कळवलेलं नाही. कळवून काय होईल, आणि न कळवून काय होईल, दोन्हीची भीती वाटते.

आई बाजेवरून माझ्याकडं बघत होती. "फोन त्येचा हाय का रं?" तिनं विचारलं. "बरा हाय न्हवं?"

मी म्हणालो, "बरा आहे. हसतोय."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "पिरानं ऐकलं बग माजं," ती म्हणाली, आणि ताट पुढं ओढून जेवायला बसली.